खड्ड्यात उतरलेले गावडे मुकादम

गावडे मुकादम कामावर आले की आधी झाडाच्या बुंध्याला सुतळी बांधायचे. दुसरं टोक हातात धरून, वर फांद्या आणि खाली मुळं जिथवर पसरल्यात तिथवर मागे सरकायचे आणि गोल फिरत चुन्याची रेघ मारायचे. मग आम्हा खोदणाऱ्यांना सांगायचे, "हेच्या आत कुदळ घालूची आसात तर पयली माझ्या पायार घाल."

आमचं खातं पाण्याचं. मुलुंडभर पाइप टाकायचे. मी चौथीपर्यंत शिकलेला, पण तोंड चालायचं. म्हटलं, "मुकादम, झाडं बागवाल्यांची. आपल्याला काय करायचंय?"

"मेल्या, सावलेत भाकरी खाताना इचारलंस काय, ही खयच्या खात्याची म्हणान?"

बागखात्याचा माणूस आणि रस्तेवाला येऊन रेघ बघेपर्यंत मुकादम कामाला हात लावू द्यायचे नाहीत. एकदा साहेब तापले, "एका झाडासाठी तीन खाती थांबवून ठेवलीत?" मुकादम म्हणाले, "खाती थांबली म्हणून सुकत नाहीत, साहेब." पाइप वळसा घालून गेला. असं नोकरीभर. आणि त्यांना मिळालं काय? 'कामात अडथळा आणतो' असा शेरा.

ते रिटायर झाल्यावर त्यांच्याच इमारतीसमोर गटाराचं काम निघालं. कंत्राटदाराच्या माणसांनी तिथल्या जांभळाची एका बाजूची मुळं पार तोडली. खाली रिक्षा स्टँड, शाळेच्या गाड्या. झाड कलंडलं तर कोणाच्या डोक्यावर?

मुकादमांबरोबर मीही अर्ज घेऊन फिरलो. गटारवाले म्हणाले, झाडाचं बागखात्यात विचारा. बागवाले म्हणाले, आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं. रस्तेवाल्याने तर कमाल केली. "आजोबा, झाड उभं आहे ना? पडलं की तक्रार करा."

माझा हात शिवशिवला. मुकादम एवढंच बोलले, "पडल्यार तक्रार नाय, पंचनामो करूचो लागता."

दुसऱ्या सकाळी बघतो तर म्हातारा खड्ड्यात उतरून तोडलेल्या मुळाशेजारी प्लॅस्टिकचं स्टूल टाकून बसलेला. "चारय खात्यांका बोलवा. तवसर मी हयच." जेसीबी बंद. मग कसे आले सगळे! पाणी, बाग, रस्ता, गटार, जेवायच्या आत चारही खात्यांची माणसं काठावर हजर. वर्षानुवर्षं एकाच ऑफिसात बसणारी, आणि तिथे एकमेकांना नाव विचारत होती. लाज वाटायला हवी होती. गटार चार हात सरकवायचं, मुळांवर माती भरायची, बुंध्याला काँक्रीट लावायचं नाही, असं लिहून एका कागदावर चौघांनी सह्या केल्या तेव्हाच मुकादम वर आले. गटार सरकलं. पुढच्या वर्षी झाडाने जांभळं धरली.

मुकादम गेल्या वर्षी गेले. या उन्हाळ्यात फूटपाथ नवा केला आणि काँक्रीट थेट बुंध्याला भिडवलं. पाणी मुरायला बोटभर जागा ठेवली नाही हरामखोरांनी. तो कागद घेऊन मी ऑफिसात गेलो. टेबलावरची बाई म्हणाली, "काका, या चौघांची कधीच बदली झाली. हा कागद आता चालत नाही."

"माणसांची बदली झाली. झाड तिथेच आहे."

"पुढच्या आठवड्यात या ना."

माझे गुडघे गेलेत. खाली बसलो की उठवायला दोघं लागतात. तरी तिच्या टेबलासमोर फरशीवर बसलो आणि सांगितलं, "नव्या चौघांना बोलवा."