चांदपाशाच्या चिठ्ठ्या

लातुरात चांदपाशाचं गॅरेज आणि बरोबर समोर माझं, धोंडप्पाचं. वीस वर्षं झाली, त्याच्या दारात गिऱ्हाईक थांबलं की माझ्या पोटात दुखतं. लपवून काय करू?

हात माझाही तेवढाच चांगला आहे. पण चांदपाशाला एक खोड. घरी आलेल्या लग्नपत्रिका तो जपून ठेवतो, त्यांचे तुकडे करतो आणि कुठल्याही गाडीचं ऑइल बदललं की एका तुकड्यावर तारीख अन् किलोमीटर लिहून तो तारेनं बॉनेटखाली बांधतो. जुन्या चिठ्ठ्या काढत नाही. मी हसायचो, "पाशाभाई, गाडी हाय का नवसाचं झाड?"

"माणूस इसरतो धोंडप्पा, चिठ्ठी न्हाई इसरत," एवढंच म्हणायचा.

यंदा उन्हाळ्यात मी माझी स्वतःची गाडी विकायला काढली. क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवणाऱ्या मालविका मॅडम बघायला आल्या. त्यांच्यापुढे दोन गाड्या होत्या, माझी आणि चांदपाशाच्या एका गिऱ्हाइकाची. त्या गाडीचं दार चेपलेलं, वर तीस हजार किलोमीटर जास्त पळालेली. माझी लखलखीत. मॅडमनी तिकडच्या चौदाच्या चौदा चिठ्ठ्या वाचल्या आणि मला विचारलं, "तुम्ही ऑइल केव्हा केव्हा बदललंत?"

"दर दहा हजाराला, मॅडम." हे देवाशपथ खरं होतं.

"लिहून ठेवलंय?"

स्वतःच्या गाडीचं कोण लिहून ठेवतं? पण ते चेपकं धूड माझ्या डोळ्यांदेखत माझ्या गाडीवर मात करणार, हे सहन होईना. "घरी वही हाय, उद्या आणतो," म्हणालो. घरी जाऊन सहा वर्षांच्या तारखा आठवून आठवून लिहून काढल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी दोन पानं चाळली, मग वही मिटून वरचा पुठ्ठा पाहिला. ऑइलच्या दुकानदारानं नव्या वर्षाला भेट दिलेली डायरी होती ती. वर सोनेरी अक्षरांत यंदाचं साल.

"सहा वर्षांपूर्वीचं ऑइल यंदाच्या डायरीत?"

मॅडमनी समोरून चांदपाशाला हाक मारली. आता हा माझं वाटोळं करणार, मला खात्रीच होती. त्यानं ऑइलची पट्टी ओढून पाहिली, झाकण काढून आत बोट फिरवलं, आणि ते फडक्याला पुसत म्हणाला, "मॅडम, वही खोटी हाय, पण ऑइल खरं हाय. इंजिन लई साफ हाय. बिनघोर घ्या."

"असेलही," मॅडम म्हणाल्या, "पण लिहिलेलं खोटं निघालं, मग बाकीचं कशाच्या भरवशावर घेऊ?" आणि त्यांनी चेपकी गाडी घेतली.

महिन्याभरानं माझी गाडी चांदपाशानंच घेतली, त्याच्या लेकीसाठी, हुमासाठी. ती उदगीरच्या शाळेत शिकवते, रोजचं जाणं-येणं. परवा गाडी त्याच्या दारात बॉनेट उघडून उभी होती. तो आत चहा घेत होता, म्हणून मी डोकावलो. एकच चिठ्ठी लोंबत होती. तारीख, किलोमीटर, आणि खाली त्याच्या वाकड्या अक्षरात: 'याआधीचं सगळं ऑइल धोंडप्पाच्या हातचं. टायमावर.'

सहा वर्षांत मला जी एक ओळ लिहिता आली नाही, ती त्यानं माझ्यासाठी लिहिली होती. वीस वर्षांत एवढा कधी जळलो नव्हतो.