बबनला मी पेटीतला बर्फ घातला

आणि वर तो दुकानदार मलाच म्हणतो, "मावशी, पाण्यातलं जनावर ते, आज ना उद्या मरणारच. तुम्ही तर रोज पाटीभर विकता!"

विकते. पंचवीस वर्षं डहाणूच्या बाजारात मासे विकते. मेलेले विकते आणि मेलेले म्हणूनच विकते.

तू जिवंत विकतोस. त्याला जगवायचं कसं ते सांगत नाहीस.

माझा बबन आज सकाळी गेला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी लिहिते. बबन म्हणजे ॲक्सोलॉटल. हे नाव लिहायला पण लेकीला विचारावं लागलं. मासा नाही, पाल नाही. गुलाबी अंग, चार पाय. कल्ले आत नाहीत, डोक्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर, लाल पिसांच्या तुऱ्यांसारखे. तोंड कायम हसरं.

माझी नयना वापीला नोकरीला लागली तेव्हा डहाणू रोडच्या एका दुकानातून टँकसकट घेऊन आली. "आई, तुला सोबत."

मी म्हटलं, "दिवसभर माशांत बसते, घरी येऊन पण पाण्यातलंच तोंड बघू?"

आठ दिवसांत मीच त्याला बबन म्हणायला लागले.

वरोरला घरी पोचले की आधी साबणानं हात, मग बेसनानं, मग परत पाण्यानं. मगच केळीखालची माती उकरून बबनचं गांडूळ. काचेवर माझी सावली पडली की यायचा. पोहत नाही, चालत. पाण्याच्या तळाशी एकेक पाय टाकत, जावई जेवायला येतो तसा.

गेल्या मंगळवारी त्यानं गांडूळ तोंडात घेतलं आणि थुंकलं.

मी वाकून बघितलं. तुरे फिके.

कल्ले बघायला मला कोणी शिकवू नये. बाजारात मी कल्ला उघडून लाल रंग दाखवते तेव्हा गिऱ्हाईक पिशवी उघडतं. बबनचे तुरे पांढुरके झाले होते, पुढे तोंडाकडे वळले होते. शेपटीचं टोक गळासारखं वाकलेलं.

दुकानदाराला फोन लावला.

"मूड नसेल मावशी. दोन दिवस उपाशी ठेवा."

मूड!

मग गुरांच्या डॉक्टरांकडे टँकसकट रिक्षातून गेले. लोक बघत होते, बघू देत. डॉक्टर खरं बोलले. "ताई, मला यातलं कळत नाही." मग पाण्यात बोट घातलं. "पण पाणी कोमट लागतंय. याला चालतं का असं?"

मला काय माहीत? घेताना दुकानदारानं नयनाला सांगितलं होतं, "काही लागत नाही, घरात कुठेही ठेवा." मी पत्र्याखाली ठेवला होता. या उन्हाळ्यात. आम्हीच तिथे शिजत होतो.

आता माझी चूक. ती पण लिहिते. नाहीतर उद्या कोणी दुसरी तेच करेल.

पाणी गरम आहे म्हटल्यावर मला एकच गोष्ट सुचली. आम्हाला दुसरं काय सुचणार? माशांच्या पेटीतला बर्फ. दोन ओंजळी उचलल्या आणि टँकमध्ये ओतल्या.

बबन एकदम उसळला. इकडून तिकडे पळाला. मला वाटलं, तरतरी आली.

तरतरी नव्हती ती.

दुसऱ्या दिवशी तुऱ्यांवर कापसासारखं पांढरं आलं. व्हिडिओ कॉल केला. तोवर नयनानं फोनवर सगळं वाचून काढलं होतं.

"आई, बर्फ थेट नाही घालायचा गं! पाणी भरून बाटली गोठवायची, झाकण लावून ती बंद बाटली ठेवायची. हळूहळू थंड करायचं."

मी फोन टँककडे फिरवला.

"कुठला बर्फ घातलास?"

"पेटीतला."



मेलेल्याला टिकवायची रीत मी जिवंताला लावली. ती पण मासळी ठेवलेल्या घाण बर्फानं.

नंतर सगळं केलं. नळाच्या पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून ते दिवसभर बादलीत उघडं ठेवून, बंद बाटलीनं गार करून, वेगळ्या डब्यात त्याला ठेवला. रोज पाणी बदललं. नयनानं लांबच्या एका डॉक्टरांना फोनवर फोटो दाखवले. ते म्हणाले, चार दिवस आधी दाखवायला हवं होतं.

चार दिवस आधी मी दोन दिवस त्याला उपाशी ठेवून बसले होते ना. मूड यायची वाट बघत.

काल त्यानं अर्धं गांडूळ खाल्लं. मी शेजारणीला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "काय गं, नातू जेवल्यासारखी नाचतेस!"

आज सकाळी डब्यात उलटा होता. तोंड तसंच हसरं.

नयना म्हणाली, "आई, तुझी चूक नाही." मी म्हटलं, "उगाच बोलू नको. माझी पण आहे."

जिथली गांडुळं खाल्ली त्याच केळीखाली त्याला ठेवला. आज बाजारात पाटी लावली नाही. कल्ले उघडायला हात गेला नसता.

बबन, मला कळायला उशीर झाला रे. गार मातीत नीज.

आता दुकानदारा, तू. आज तुझ्याकडे भांडायला आले तेव्हा तुझ्या टँकमध्ये अजून दोन बघितले. दारात, उन्हात. मी विचारलं नाही, हात घातला. पाणी गरम. त्यातल्या बारक्याचे तुरे पुढे वळायला लागलेत. तुला दिसत नाही, मला दिसतं.

पाणी गार करणार आहेस की दोघांना माझ्याकडे देणार आहेस?

शुक्रवारपर्यंत सांग. माझ्या फ्रिजमध्ये सहा बाटल्या गोठवून तयार आहेत.