पाटीवरचं नाव

"म्हाताऱ्या, जीभ हासडीन. ताईसाहेबांना एकेरीत हाक मारतूस?"

असं म्हणून त्यानं माझा सदरा गळ्यापाशी धरला. ताईसाहेबांच्या गाडीमागनं जीपमधून आलेला माणूस. पांढरी पँट, पांढरा शर्ट. माझ्या लेकाहून लहान. सगळी शाळा बघत होती. पोरं रांगेत, हातात कागदाची निशाणं. मास्तर लोक इस्त्रीच्या कपड्यात. गेटाच्या आत पांढरी गाडी. तिचं दार उघडं, आणि दारातनं एक पाय बाहेर आलेला. तो पाय तसाच अधांतरी थांबला होता.

मी ताईसाहेबांना हाक मारलीच नव्हती. माझ्या नातीला मारली होती. नात पहिलीत. गाडी बघायला रांगेतनं सुटून अनवाणी पळत निघाली, आणि गाडी तर वळत होती. मी गेटाबाहेर दगडावर बसलो होतो. उठलो आणि चाळीस वर्षं मेंढरामागं तापलेल्या नरड्यानं ओरडलो, "ए सौदामिनीऽऽ! माघारी फिर! चाकाखाली जातीस का काय?"

नात थांबली. नातीच्या आधी शाळा थांबली. लेझीम थांबलं.

ताईसाहेबांचं नाव सौदामिनी. ते सगळ्या तालुक्याला माहीत. शाळा त्यांच्या नावाची. कारखान्यात त्यांच्या घराशिवाय पान हलत नाही. पेपरात फोटो, भिंतीवर फोटो. पण ते नाव तोंडानं कुणी घेत नाही. गडी घेत नाहीत, मास्तर घेत नाहीत, मोठ्या सभेत माईकवर पण ताईसाहेबच म्हणतात. नाव फक्त पाटीवर.

मी म्हणालो, "आवो, ती माझी नात हाय. तिचंच नाव हाय ते."

मग एक मास्तर फिसकन हसला. मग दुसरा. मग ती जीपमधली माणसं.

"मेंढक्याच्या घरात सौदामिनी!"

"आणि मेंढीचं नाव काय ठिवलंय, आबा? आक्कासाहेब?"

पोरं पण हसायला लागली. पोरांना कशाला हसायचं ते कळत नव्हतं. मोठे हसतात म्हणून हसत होती. माझी नात त्या सगळ्यांच्या मधी एकटी उभी. तिला पण कळत नव्हतं. ती पण जरा हसली. ते मला अजून दिसतं.

हेडमास्तर पळत आले. माझ्या कानापाशी तोंड नेऊन म्हणाले, "आबा, पाया पडा. पटका ठेवा पायावर आणि मिटवा. हात जोडतो तुम्हाला."

मी ठेवला.

हे लिहायला मला चार दिवस लागले. कागद काढायचा, हितपर्यंत यायचं आणि ठेवून द्यायचा. पण लिहायचं तर हे पण लिहायला पाहिजे. डोक्याचा पटका काढला, वाकलो आणि त्या पायापुढं मातीत ठेवला. माझ्या बापानं कुणापुढं ठेवला नव्हता. बाप दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवून, रानाला खत घालून पोट भरायचा, पण मेला तो पटका डोक्यावर ठेवूनच.

ताईसाहेब वाईट बोलल्या नाहीत. पदर सावरत म्हणाल्या, "असू द्या हो, हेडमास्तर. हौस असते या लोकांना. पण नाव तेवढं बदलून घ्यायला सांगा. पुढं मुलीलाच जड जाईल."

आवाज मऊ. ज्यानं सदरा धरला त्याचा हात मला कळला. हाताला हात असतो. मऊ आवाजाला काय करायचं ते मला एवढ्या वयात पण ठाऊक नव्हतं.

त्या पुढं गेल्या. लेझीम परत सुरू झालं.

सांजच्याला कालव्याच्या कडंनं घरी निघालो. नात रोज पुढं उड्या मारत चालती. त्या दिवशी मागं राहिली. चपला हातात घेतलेल्या. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आज्या, माझं नाव चोरीचं हाय का?"

मी तिच्या हातातल्या चपला घेतल्या आणि चालत राहिलो.

आता ते नाव आमच्या घरात कसं आलं ते सांगतो.

आमची वस्ती अंथुर्ण्याच्या अलीकडं, माळावर. आधी मेंढरं होती. रानोमाळ ऊस झाला, चरायला जागा राहिली नाही, मेंढरं गेली. दीड एकर रान आणि चार शेळ्या, एवढ्यावर आलो. शाळा मी बघितलेली नव्हती. सहा महिने गेलो असंन पोरपणी, तेवढ्यात मेंढरांचा वाडा हालला आणि बापाबरोबर कोकणाकडं गेलो. माझं नाव मी हितं लिहीत नाही. जन्मभर कुणी ते पुरतं घेतलं नाही. कुणी शेपूट तोडलं, कुणी मुंडकं. "ए मेंढक्या" म्हणूनच जास्ती ऐकलं. बापाचं तेच. बायको मेली, तिचं पुरतं नाव मसनात टिपून घेणाऱ्याला सांगताना मला पण आठवावं लागलं.

म्हातारपणी वस्तीवर साक्षरतेचा वर्ग निघाला. दिवेलागणीला, देवळात. शिकवायला अंथुर्ण्याची एक पोरगी यायची, बारावी झालेली. बाकीचे म्हातारे चार दिवस आले आणि तंबाखू मळायला पारावर गेले. मी हट्टानं बसलो. माझा हट्ट सगळ्या वस्तीला माहीत आहे. ती पोरगी म्हणायची, "आजोबा, वाटंनं जाताना दिसंल ती पाटी वाचायची. पाटी वाचायलाच लावलेली असती."

ते मी खरं धरलं.

बाजाराच्या वाटंवर ती शाळा लागायची. गेटावर लांब पाटी, निळ्यावर पांढरी अक्षरं. पहिल्या बाजाराला मी 'सौ' पर्यंत गेलो. दुसऱ्या बाजाराला 'दामि' निघालं. तिसऱ्या बाजाराला पुरतं नाव एका दमात वाचलं. सौदामिनी. डोक्यावर बाजाराची पिशवी, आणि मी त्या गेटापुढं चार-पाच वेळा मोठ्यानं वाचलं. माझ्या जन्मात मी स्वतः वाचलेलं ते पहिलं मोठं नाव. कुणी सांगितलेलं नव्हतं, कुणी दिलेलं नव्हतं.

त्या शिकवणाऱ्या पोरीला विचारलं, अर्थ काय? ती म्हणाली, वीज. आभाळातली.

त्याच सालात नात झाली. आमच्या घरात नाव ठेवायच्या आधी ते माळावर जाऊन हाक मारून बघतात. बाप तसंच करायचा. मेंढरामागं पांगलेल्या माणसाला ऐकू जाईल असं नाव पाहिजे. अर्धवट ऐकू येणारं नाव काय कामाचं? मी माळावर चढलो आणि हाक मारली. लांबच्या लांब गेली. पार कालव्याच्या पलीकडं एक बाई पाणी भरत होती, तिनं मान वर केली.

म्हटलं, हेच. आणि मनात दुसरं पण होतं. लपवत नाही. वाटलं, ह्या नावाचं शेपूट कोण तोडणार? एवढ्या मोठ्या बाईचं नाव. ते तोडायची कुणाची छाती होणार नाही. निदान हिला तरी माणसं पुरतं बोलावतील.

तिथंच चुकलो. त्यांनी तोडलं नाही. ते आख्खंच मागितलं.

त्या सांजेला लेक घरी आला तो बातमी ऐकूनच. लेक कारखान्यात सीझनला जायचा, काट्यावर उसाच्या गाड्या वजन करायला. दारातनंच म्हणाला, "आबा, नाव बदला."

"का?"

"का म्हंजी? उद्या मला काट्यावर उभं करतील का? सोनी म्हणा, ठकी म्हणा. नावानं काय पोट भरतंय?"

"मग त्यांचं पण बदला म्हणावं. त्यांचं तर पोट भरलेलंच हाय."

"तुमी पटका ठिवलाय पायावर, आबा," लेक म्हणाला. "आता तोंड कशाला चालवता?"

ते खरं होतं. मी भिंतीकडं तोंड करून बसलो.

सूनबाई चुलीपाशी होती. तिनं माझा पटका धुऊन दोरीवर टाकला होता, त्याचं पाणी टपटप गळत होतं. सकाळी उठून तिनं पोरीची वेणी घातली, आणि नवरा दातवण घासत अंगणात उभा असताना मोठ्यानं म्हणाली, "सौदामिनी, मान सरळ धर." रोज ती पोरीला बाय म्हणते. पुरतं नाव तिच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. नवऱ्यानं एकदा बघितलं, चूळ टाकली आणि गेला.

मी नातीला घेऊन शाळंत गेलो. हेडमास्तरांनी बोलावलंच होतं.

कागद तयार होता. शेजारी शाईचा पॅड. हेडमास्तर म्हणाले, "या आबा. इथं अंगठा द्या. आपण 'सोनाबाई' करू. चांगलं नाव आहे, तुमच्यात चालतं की."

मी कागद ओढून घेतला आणि बोट ठेवून वाचायला लागलो. हेडमास्तरांना वाटलं मी नाटक करतोय. मग त्यांच्या ध्यानात आलं. शिपाई दारात खोकत होता. बाहेर दुसरीची पोरं पाढे म्हणत होती. त्यांचा बाराचा पाढा झाला तरी माझ्या चारच ओळी झाल्या होत्या. 'माझ्या नातीचे नाव आमच्याकडून' हितपर्यंत आलो आणि अडलो.

"हे काय अक्षर?"

"ज्ञ. अज्ञानाने. अज्ञानाने ठेवले गेले."

"म्हंजी?"

हेडमास्तरांनी चष्मा पुसला. "म्हणजे, माहीत नसताना."

"मला माहीत हुतं," मी म्हणालो. "तुमच्या पाटीवर वाचून ठिवलंय. तीन बाजार लागले वाचायला."

"आबा, हट्ट करू नका. काल तुम्ही सगळ्यांदेखत माफी मागितली आहे."

नात माझ्या धोतराला धरून उभी होती. आदल्या दिवशीचा तिचा सवाल तसाच पडला होता. त्याला जाब द्यायचा तर हीच जागा होती. दुसरी मिळाली नसती.

मी म्हणालो, "मास्तर, काल ठिवला त्यो पटका माझा हुता. माझा हुता म्हणून ठिवला. चुकलो. पण नाव हिचं हाय. ते मला कुणाच्या पायावर ठिवता येत न्हाय."

आणि शाईचा पॅड त्यांच्याकडं सरकवला. माझा अंगठा कोरडा होता.

हेडमास्तरांनी पॅडचं झाकण लावलं. माणूस वाईट नव्हता. वाईट नसलेल्या माणसांनीच मला जास्ती वाकवलंय. म्हणाले, "मग मुलीला इथं ठेवता येणार नाही. मला वरून विचारतील."

"न्यायालाच आलोय," मी म्हणालो.

खोटं. मी ते घरनं ठरवून आलो नव्हतो. तोंडातनं निघालं, मग तेच खरं केलं.

कालव्याच्या पलीकडं सरकारी शाळा आहे. एका खोलीत चार वर्ग. वस्तीपासून तीन मैल. तिथल्या गुरुजींनी नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांचा पेन थांबला.

"आबा, हे तर ताईसाहेबांचं..."

"न्हाय. हिचं."

त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा पोरीकडं, आणि लिहिलं. मी वाकून वाचलं. पुरतं होतं.

ह्याला आता दीड साल झालं. त्या सीझनला लेकाला काट्यावर बोलावणं आलं नाही. पुढच्या पण नाही. तो भिगवणला हमालीला जातो. माझ्याशी बोलत नाही. ताट माझ्यापुढं आलं की उठून बाहेर जातो. मी त्याला बोल लावत नाही. त्याच्या पाठीवर पोत्याचे वळ आहेत आणि ते माझ्या हट्टाचे आहेत. वस्तीवरची माणसं म्हणतात, म्हाताऱ्यानं एका नावापायी घर बुडवलं. म्हणू द्यात. मी थकलोय. जाताना तीन मैल, येताना तीन मैल, परत दुपारी तेवढंच. गुडघे रात्रभर बोलतात. पावसाळ्यात कालव्याची वाट निसरडी होते, तेव्हा पोरगीच माझा हात धरते.

पण सरकारी शाळंची वाट त्या मोठ्या शाळंच्या गेटावरूनच जाते. दुसरी वाट आहे, बांधाबांधानं, जरा जवळची. सूनबाई म्हणाली, त्या वाटंनं जावा. मी जात नाही.

रोज सकाळी गेट आलं की मी नातीला पुढं जाऊ देतो. चाळीस पावलं. मी मागं त्या निळ्या पाटीखाली उभा राहतो. आत प्रार्थना चाललेली असते. मास्तर बघतात. शिपाई बघतो. एकदा तो सदरा धरणारा पण मोटारसायकलवर तिथं होता. मी छातीत दम भरतो आणि माळावर मारावी तशी हाक मारतो.

"ए सौदामिनीऽऽ!"

ती वळून म्हणते, "व्हय, आज्या!"

एवढंच. मग पुढं चालतो.

पहिल्या दिवशी तिनं विचारलं, का ओरडतूस रं आज्या एवढ्यानं, मी तर हितंच हाय. तेव्हा तिला सांगितलं. चोरीची वस्तू माणूस लपवतो, बाय. मी लपवत न्हाय.

आता आवाज पहिल्यासारखा निघत नाही. मधीच फाटतो. फाटू दे. ती आता दुसरीत आहे, पाटी माझ्यापेक्षा भराभर वाचते. ज्या दिवशी माझा आवाज निघणार नाही, त्या दिवशी तिनं त्या पाटीखाली उभं राहून स्वतःचं नाव मोठ्यानं वाचायचं. तसं तिला सांगून ठेवलंय.

तोवर मी आहे. उद्या सकाळी पण गेटापुढं हाक जाणार. पुरत्या नावानं.