जहाजावरची मोजदाद

जहाजावर जायचे पक्के झाले तेव्हा मुलीने फोनवरून आम्हाला तीन अटी घातल्या. मला बघून हात हलवायचा नाही. मला घरच्या नावाने हाक मारायची नाही. आणि डब्यातले काहीही काढून माझ्या हातात द्यायचे नाही. मी त्या अटी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून घेतल्या आणि माझ्या वडिलांना वाचून दाखवल्या. त्यांना घरात सगळे आबाच म्हणतात.

आबा ऐकून घेऊन म्हणाले, "म्हंजी नातीला बघाया तीनशे कोस जायचं, आन् तिथं तोंड फिरवून बसायचं. बरंय."

"कोस नाही, किलोमीटर. साडेतीनशे."

"तेच ते."

अटींना कारण होते. मुलगी मोठ्या प्रवासी जहाजावर रिसेप्शनच्या कामाला लागली होती आणि तिची सहा महिन्यांची शिकाऊ मुदत संपत आली होती. जहाजावर माणूस स्वयंपाकघरात असो की हिशेबाच्या टेबलावर, संकटाच्या वेळी प्रवाशांना एका जागी गोळा करण्याचे काम प्रत्येकाला वाटून दिलेले असते. त्या जागेला मस्टर स्टेशन म्हणतात. मस्टर म्हणजे हजेरीपट, हे कारखान्यात काम करणाऱ्याला सांगावे लागत नाही. जहाज धक्का सोडण्याआधी सगळ्या प्रवाशांची तालीम होते, प्रत्येक स्टेशनावर हजेरी होते, आणि ती जुळल्याशिवाय जहाज सुटत नाही. या फेरीला तिला पहिल्यांदाच एक स्टेशन एकटीने सांभाळायचे होते. सुरक्षा अधिकारी मागे उभा राहून बघणार होता आणि त्याच्या शेऱ्यावर ती कायम होणार की घरी परत येणार, हे ठरणार होते. नोकरीवर असलेल्यांच्या घरच्यांना जहाजावर यायची सवलत असते, ती आम्हाला याच फेरीची मिळाली. आणि आमच्या खोलीच्या वाट्याला स्टेशन आले तेही नेमके तिचेच.

"पप्पा, तुम्ही समोर बसलात आणि मी गडबडले, असं नको व्हायला," ती म्हणाली होती.

ती या कोर्सला गेली तेव्हा भावकीत बरीच चर्चा झाली होती. आम्ही मूळचे सिल्लोड तालुक्यातले, मेंढरांमागे फिरणारे. माझ्या पिढीत मी एकटा वाळूजच्या कारखान्यात चिकटलो आणि हर्सूलला घर केले. एका लग्नात आमच्याच एका नातेवाइकाने पंगतीत बसून आबांना ऐकवले, "नात पाण्यावर सोडली म्हनं तुमी." आबांनी पानातले वरण कालवता कालवता उत्तर दिले, "आमच्या बाया सहा-सहा महिने रानात ऱ्हायल्या, तव्हा कुणी इचारलं नाय. आता लई काळजी वाटाया लागली व्हय?" तो विषय तिथेच मिटला.

निघायच्या दिवशी सकाळी साडेपाचला गाडी दारातून काढली. तीन बॅगा होत्या, तिन्ही मी आदल्या दिवशी वजनकाट्याला टांगून बघितल्या होत्या: चौदा किलो, साडेअकरा आणि आबांची सव्वाचार. आबांसाठी क्रांती चौकातल्या दुकानातून मी बूट आणले होते. ते त्यांनी पायात घालून खोलीभर फिरून बघितले, काढले आणि खोक्यात परत नीट ठेवले. निघताना पायात नेहमीचेच करकरणारे पायताण, धोतर, पांढरा सदरा आणि पागोटे होते. बायको म्हणाली, "अहो, असू द्या. ते तसेच चांगले दिसतात." तेही खरेच होते.

मुंबईच्या बंदरात शिरलो तेव्हा गाडीच्या मीटरवर तीनशे एक्कावन्न किलोमीटर झाले होते. आबांनी समुद्र कधी पाहिलेला नव्हता आणि त्या दिवशीही बराच वेळ तो दिसलाच नाही, कारण मध्ये जहाज आडवे होते. गाडीतून उतरल्यावर ते मान वर करून बघत राहिले.

"ही कालनी कुणाची?"

"आबा, हेच जहाज."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. माझी थट्टा करायची पद्धत नाही हे त्यांना माहीत आहे, म्हणून त्यांनी पुन्हा वर पाहिले. मी खालच्या एका ओळीतल्या खिडक्या मोजायला घेतल्या. चौऱ्याण्णवपर्यंत गेलो आणि पुढचा भाग क्रेनच्या आड गेला. वर तशाच आणखी नऊ ओळी होत्या. सव्वीस वर्षे मी स्टोअरमध्ये नटबोल्टपासून मोटारींपर्यंत सगळे मोजत आलो आहे. हे मात्र मोजून डोक्यात बसेना. माझी मुलगी रोज सकाळी इथे कामाला उठते, एवढेच मनात येत होते, आणि छाती भरून येत होती. बायकोने रुमाल काढलेला मी पाहिला, पण तिन्ही अटींत रडण्याबद्दल काही नव्हते.

कागद तपासले, फोटो काढले, प्रत्येकाला खोलीचे एक कार्ड गळ्यात अडकवायला दिले. मग काचेचा चढता बोळ लागला. बासष्ट पावले. त्याच्या शेवटी जहाजाचा दरवाजा, आणि बोळ व दरवाजा यांच्यामध्ये वीतभर फट. त्या फटीतून खाली काळेहिरवे पाणी हलताना दिसत होते. आबा तिथे थांबले. मागे रांग होती. मी त्यांचा दंड धरायला गेलो तर त्यांनी हात सोडवून घेतला, आधी एक पाय पलीकडे टाकला, ओढा ओलांडताना दगड दाबून बघावा तसा दाबून बघितला आणि मग दुसरा उचलला.

"हालत नाय," ते आत जाऊन म्हणाले. मागच्या रांगेतले दोघे-तिघे हसले. आबाही हसले.

चार वाजता तालमीचा भोंगा झाला. सात आखूड आणि एक लांब. आम्ही पाचव्या मजल्यावरच्या एका मोठ्या दालनात गेलो. आत यायला एकच दार होते. दाराजवळ एक जण छोटे यंत्र घेऊन उभा होता, प्रत्येकाचे कार्ड त्याला लावून आत सोडत होता. आबांचा गुडघा दुखतो म्हणून त्यांना दाराशेजारची पहिलीच खुर्ची मिळाली. आम्ही लवकर आल्यामुळे बाकीची माणसे त्यांच्या डोळ्यांसमोरून एकेक करून आत गेली.

आणि समोर मुलगी उभी होती. पांढरा गणवेश, खांद्यावर पट्टी, केस मागे घट्ट बांधलेले. घरी ती पाण्याचा ग्लाससुद्धा जागेवर ठेवत नसे. इथे ती सगळ्यांना लाइफ जॅकेट कसे बांधायचे ते आधी इंग्रजीत आणि मग हिंदीत सांगत होती, आणि चढ्या आवाजात बोलणारे लोक तिच्या एका हातवाऱ्याने गप्प होत होते. तिची नजर आमच्यावरून गेली, थांबली नाही.

"बारीक झाली," बायको पुटपुटली.

"अटी," मी म्हणालो.

"मी हात कुठं हलवलाय?"

मग हजेरी सुरू झाली. यंत्रात एकशे अठ्ठेचाळीस कार्डे लागली होती. खोल्यांच्या यादीतही एकशे अठ्ठेचाळीसच नावे होती. पण तिथली रीत अशी की यंत्रावर विसंबायचे नाही, माणसेही मोजायची. मुलगी ओळीओळीने बोट फिरवत गेली. एकशे सत्तेचाळीस. तिने शेवटच्या ओळीपासून उलटी मोजणी केली. पुन्हा एकशे सत्तेचाळीस.

तिच्या मागे तो सुरक्षा अधिकारी होता. उंच, परदेशी, हातात फळी आणि त्यावर कागद. त्याने घड्याळ पाहिले. कार्ड लावून कोणी तरी बाहेर निसटला असावा असे ठरले आणि दोघांना बाहेर शोधायला पाठवले. ते हात हलवत परत आले. स्पीकरवरून बाकीची स्टेशने पूर्ण झाल्याचे सांगितले जात होते. आमचे तेवढे राहिले होते.

"अरे एक का ही तो फरक है, चलने दो ना," पुढच्या ओळीतला एक जण ओरडला.

मुलीच्या मानेवर लाली चढली. दहावीच्या निकालाच्या दिवशी अशीच चढली होती. ती तिसऱ्यांदा मोजायला लागली. मीही बसल्या जागेवरून मोजले. माझा धंदाच तो आहे, आणि मी सावकाश, ओळी तोडून मोजले. एकशे सत्तेचाळीस. म्हणजे एक माणूस खरोखरच नाही. तो वरच्या मजल्यावरच्या तलावात पोहत बसला असेल, आणि त्याच्यापायी माझ्या पोरीचे सहा महिने जाणार.

तेवढ्यात आबांनी मला कोपराने ढोसले.

"आरं, किती म्हनत्यात?"

"यादीत एकशे अठ्ठेचाळीस. आणि इथं एक कमी भरतोय."

"कमी नाय. समदी हायेत. सात इसा आन् आठ."

त्यांनी सदऱ्याच्या उजव्या खिशातून मूठ काढून उघडली. तळहातावर सात फुटाणे होते. मी लहानपणी हे शेकडो वेळा पाहिले होते. सांजेला मेंढरे जाळीच्या वाड्यात शिरताना आबा तोंडाशी बसायचे. वीस आत गेली की एक इसा, आणि एका इशाला एक खडा या खिशातून त्या खिशात. इथे खडे नव्हते, म्हणून त्यांनी वाटेत खायला घेतलेले फुटाणे वापरले होते. त्यांना कोणी सांगितले नव्हते. दाराशी बसले, कळप आत जायला लागला, आणि हात आपोआप चालला.

"आबा, मी मोजलेत. तिनं तीनदा मोजलेत."

"तुमी बसल्यावर मोजलेत. म्या येताना मोजलेत." मग त्यांनी थोडा विचार केला आणि सरळ हात वर केला. मी तो खाली ओढणार, एवढ्यात त्यांचा आवाज दालनभर गेला. रानात अर्ध्या मैलावरच्या माणसाला हाक मारण्याचा तो आवाज आहे.

"ओ म्याडम!"

सगळे वळले. मुलगीही वळली. तिच्या तोंडावर काय होते ते मला बघवेना.

"म्याडम, कडंवरलं मोजलं का?"

अधिकाऱ्याला काही कळले नाही. प्रवाशांतही फार कोणाला कळले नसावे. मुलीला मात्र क्षणात कळले. ती सहा-सात वर्षांची होईपर्यंत सुट्टीत आबांच्या मागे वाड्यावर असायची. नवे जन्मलेले कोकरू चालत आत येत नाही, कुणाच्या तरी खांद्यावर किंवा घोंगडीच्या खोळीत येते, आणि ते मोजायचे राहते. म्हणून दार लावण्याआधी आबा दरवेळी सगळ्यांना हाच प्रश्न विचारायचे.

ती खांबाच्या पलीकडे गेली. तिथे एक बाई ओढणी गुंडाळून मागे टेकून बसली होती. मुलीने वाकून हळूच काही विचारले. बाईने ओढणी जरा बाजूला केली. आत वर्ष-सव्वा वर्षाचे बाळ तोंड उघडे टाकून झोपले होते. आत येताना बाळाच्या बापाने त्याचेही कार्ड यंत्राला लावले होते, त्यामुळे यंत्राला ते माहीत होते. आम्हालाच दिसले नव्हते.

"सॉरी मॅडम, अभी अभी सोया है," बाई घाबरून म्हणाली.

"सोने दीजिए," मुलगी म्हणाली. खांद्यावरच्या वॉकीटॉकीत तिने आकडा सांगितला, तो इंग्रजीत आणि स्पष्ट: एकशे अठ्ठेचाळीस, सगळे हजर. पुढच्या ओळीतल्या त्या माणसानेच पहिली टाळी वाजवली.

अधिकाऱ्याने तिला काही तरी विचारले. तिने आबांकडे बोट केले. मला तेवढे इंग्रजी कळते. ती म्हणाली, "ते माझे आजोबा आहेत. साठ वर्षे मेंढरे राखली आहेत त्यांनी." दीडशे माणसांसमोर म्हणाली, आवाज न उतरवता. तिच्या मैत्रिणींना ती आजोबा शेती करतात असे सांगायची, हे आम्हाला माहीत होते आणि ते आम्ही कधी मनावर घेतले नव्हते. त्या दिवशी मात्र मी खुर्चीत ताठ होऊन बसलो.

अधिकारी आबांजवळ आला, वाकून त्याने फुटाणे पाहिले, हात मिळवला. आबांनी त्याला त्यातले दोन दिले. त्याने ते खाल्ले.

जहाज केव्हा सुटले ते कळलेच नाही. वरच्या मजल्यावर गेलो तेव्हा धक्का बराच मागे राहिला होता. कठड्याला टेकून मी आबांना सांगितले की माझेही एकशे सत्तेचाळीसच भरले होते. मनात ठेवणे बरे वाटेना.

"तुला मालाची सवय," ते म्हणाले. "मालाला लेकरं नसत्यात."

सूर्य पाण्याला टेकत असताना मुलगी धावतच आली. तिला सहा मिनिटांची सुट्टी होती. गणवेशातच ती आबांच्या पाया पडली, मग आईच्या गळ्यात पडली, आणि मग म्हणाली, "कायम झाले. त्यानं शेरा लिहून दिला."

बायकोने लगेच पिशवीतून डबा काढला आणि तिसरी अट मोडली. मुलीने उभ्या उभ्या दोन धपाटी खाल्ली.

आबा तिचे खाणे होईपर्यंत थांबले. मग त्यांनी विचारले, "आता किती तुझ्याकडं?"

"स्टेशनवर? एकशे अठ्ठेचाळीस. पुढच्या फेरीला कमी-जास्त होतील."

आबांनी मान हलवली. "लई हायेत. मला पयल्या साली चाळीसच दिल्ती."