जमनाच्या पोटातली नळी

चिंचणीची जमना बोईसरच्या बाजारात यायची तेव्हा आधी तिचा आवाज यायचा, मग सुक्या बोंबलांची पाटी. नवरा नामदेव होडीवर जायचा, घरात धाकटी नणंद तानी. अंथरुणाला खिळलेली जमना त्या दोघांनी कधी पाहिलीच नव्हती.

अडुसष्ट सालच्या पावसाळ्याअखेर गावात तापाची साथ आली. बाकीचे आठवड्यात उठले. जमनाचं अंग मात्र असं दुखायला लागलं की कूस बदलता येईना. पाचव्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली आणि सहाव्या दिवशी बंदच. तोंड सुजलं, ती काहीबाही बरळू लागली. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं. तिथल्या, तिच्याकडून बोंबील घेणाऱ्या एका ड्रायव्हरने तिला जीपमधून बोईसर स्टेशनवर पोचवलं. तिथून मुंबईचं मोठं इस्पितळ.

"तापाच्या विषाणूने हिचे स्नायू फुटले," डॉक्टरांनी नामदेवला समजावलं, "त्यांचा गाळ अडकून मूत्रपिंडं बंद पडलीत. बहुधा ती परत चालू होतील. तोवर अंगातलं विष दुसऱ्या वाटेने काढायला हवं."

ती वाट म्हणजे बेंबीखाली छेद देऊन पोटात घातलेली नळी. बाटलीतलं औषधी पाणी पोटात सोडायचं, थोडा वेळ ठेवायचं, मग खाटेखालच्या बाटलीत काढायचं. आणि पुन्हा तेच. तानी शेजारी बसून बाटल्यांवर नजर ठेवायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण पाणी किती गेलं नि किती आलं ते कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दोन बाटल्या आत गेल्या आणि बाहेर अर्धीच आली. जमनाचं पोट तट्ट फुगलं.

"सिस्टर, पानी आतच राह्यलाय," तानीने वत्सला सिस्टरला हाक मारली.

सिस्टरने जमनाला हळूच डाव्या कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली. नळी खळखळली आणि पाणी वाहू लागलं. त्यानंतर पाणी अडलं की तानीच सांगायची, "वयनी, कूस बदल."

चौथ्या दिवशी जमना बरीच शुद्धीवर आली, पण थंडी वाजून ताप भरला. तानीने खालची बाटली उचलून खिडकीशी धरली. काल पाणी निवळ होतं, आज तांदळाच्या धुवणासारखं. डॉक्टरांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. नळीच्या वाटेने पोटात जंतू शिरले होते. ती काढून दुसऱ्या जागी नवी घालावी लागणार होती.

जमनाने ऐकलं. "माजा पोट काय मासं धरायचा जाला हाय, भोका पाडायला?"

"जाल्याला भोका असतातच," तानी म्हणाली. "गप पडून ऱ्हा."

जमनाला हसू आलं, हसताना पोट दुखलं, आणि तशातच तिने होकार भरला. नवी नळी बसली, पोटातल्या पाण्यातूनच जंतुनाशक औषध दिलं. तीन दिवसांनी पाणी निवळलं.

अकराव्या दिवशी सकाळी जमनाने लघवीचं भांडं मागितलं. वत्सला सिस्टर धावत आली. मोजून दोन औंस. दुपारी पाच. दुसऱ्या दिवशी तर भांड्यामागून भांडं भरू लागलं. सिस्टर आकडा मोठ्याने सांगायची आणि अख्खा बायकांचा वॉर्ड कान देऊन ऐकायचा. समोरच्या खाटेवरची माकुणसारची म्हातारी म्हणाली, "पोरी, एवढं कौतुक माझ्या नातवाचंही झालं नव्हतं."

बाहेर बसलेल्या नामदेवला तानीने सांगितलं, "वयनी मुतली." तो आधी लाजला, मग भिंतीकडे तोंड करून रडला, मग वॉर्डबॉयपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना पेढे वाटून आला.

नळी निघाली. दिवाळीच्या आधी जमना घरी आली, हडकुळी, पण आवाज तोच. बाजारात कुणी विचारलं की ती सगळी हकीकत सांगायची, लघवीच्या मापासकट, आणि ऐकणारे पुरुष हळूच दुसऱ्या पाटीकडे सरकायचे.

माघात तानीचं लग्न ठरलं. आमंत्रण गेलं तशी वत्सला सिस्टर खरंच चिंचणीला आली. वरातीपुढे जमना नाचत होती. सिस्टर गर्दीतून तिच्यापाशी पोचली आणि म्हणाली, "जमनाबाई, जरा बसा. दम लागेल."

"लागू द्या," जमना म्हणाली, आणि सिस्टरचा हात धरून तिला वाजंत्र्यांच्या पुढ्यात घेऊन गेली.