मऊ पट्टा

काष्टी गावाच्या बाहेर, दौंड रस्त्याला लागून बन्सीचं तीन खोल्यांचं स्लॅबचं घर आहे. घराला कंपाउंड, कंपाउंडला लोखंडी गेट आणि गेटला तीन वर्षांपासून आतून कुलूप. किल्ली असते सत्यशीलाच्या कमरेला. सत्यशीला ही बन्सीची बायको. वय सत्तेचाळीस. एकुलती मुलगी लग्न होऊन चाकणला गेली, तेव्हापासून घरात तिघंच.

कुलूप लावावं लागलं ते राहीबाईमुळं, म्हणजे बन्सीच्या आईमुळं. म्हातारीची आठवण आधी थोडीथोडी गेली. भाजीत मीठ दोनदा पडायचं, नातीचं नाव आठवायचं नाही. मग एक दिवस ती सत्यशीलालाच विचारू लागली, "बाई, तुमी कुनाच्या?" पाय मात्र धडधाकट होते. डोळा चुकवून घराबाहेर पडायची आणि माहेराला निघायची. माहेरी आता तिचं कुणी उरलेलं नव्हतं. एका दुपारी रेल्वेच्या गँगमननं तिला हाताला धरून घरी आणलं. रुळावर मांडी घालून बसली होती. त्या दिवशी बन्सीनं कुलूप आणलं.

बन्सी साखर कारखान्यात बॉयलरवर. त्याला घर आणि कारखाना, दोन्ही होतं. सत्यशीलाला घरच होतं. लग्नकार्य, हळदीकुंकू, बचत गटाची मीटिंग, सगळं एकेक करून सुटलं. सुरुवातीला बाया गेटपाशी येऊन बोलायच्या. पण कुलपाच्या आतल्या माणसाशी गजाआडून किती वेळ बोलणार? त्याही येईनाशा झाल्या.

शनिवारी तेवढी दोन तास सुटका होती. शनिवार काष्टीच्या बाजाराचा दिवस. पहिली पाळी संपवून बन्सी दुपारी घरी आला, की सत्यशीला किल्ली त्याच्या हातात द्यायची आणि पिशवी घेऊन निघायची.

कातड्याचं वेड तिला मोबाईलमुळं लागलं. कुठल्याशा परदेशी बाईनं कातड्याच्या एका तुकड्याचं पाकीट शिवल्याचा व्हिडिओ होता. त्यात बोलणं नव्हतं, नुसते हात दिसत होते. सत्यशीलानं तो चार वेळा पाहिला. पुढच्या शनिवारी ती भाजीच्या ओळीत न जाता जनावरांच्या बाजाराकडं वळली. तिथं श्रीगोंद्याची मुबारकबी आणि तिचा नवरा फक्रुद्दीन बैलांच्या गळ्यातले पट्टे, म्होरक्या, घुंगरांच्या माळा मांडून बसतात. फक्रुद्दीन विकतो, मुबारकबी बसल्या जागी शिवत असते.

"बैलाला पाहिजे का म्हशीला?" मुबारकबीनं मान वर न करता विचारलं.

"कुनालाच न्हाई. मला शिवाया शिकायचंय."

आता मुबारकबीनं वर पाहिलं. साठीची बाई, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. "काय शिवायचंय?"

"ते न्हाई ठरवलं अजून."

मुबारकबी हसली नाही. तिनं बाजूला सरकून पोत्यावर जागा केली. एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया कशा ओवायच्या, आरीनं भोक कसं पाडायचं, त्याच भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून कशा काढायच्या, हे तिनं दाखवलं. "दोन्ही हातानं सारखं वढ," ती म्हणाली. "एका अंगाला जास्त वढलं की कातडं रुसतं." जाताना तिनं म्हशीच्या कातड्याची कात्रणं, मेण लावलेला दोरा आणि झिजलेली एक आरी पिशवीत टाकली. भाजी घ्यायची त्या दिवशी राहूनच गेली.

बन्सीनं पिशवीचा वास घेतला. "कातडं? आपल्या घरात?"

"चपला न्हाईत का आपल्या घरात?"

"चपला दाराबाहेर असत्यात."

मग कातडंही बाहेर राहिलं. मागच्या बाजूला, धुण्याच्या दगडाशेजारी पत्रा होता, त्याच्याखाली. गावात बोभाटा झाला, की बन्सीच्या बायकोनं चांभारकी काढली. बोलणाऱ्या सगळ्यांच्या पायात कुणीतरी शिवलेलं पायताण होतं, पण तसं सत्यशीला कुणाला म्हणाली नाही. म्हणायला ती बाहेर जातच नव्हती.

दुपारी राहीबाईचा डोळा लागला, की ती पत्र्याखाली बसायची. पहिलं पाकीट वाकडं झालं. दुसऱ्याचं झाकण लागेना. बोटं भोसकली, अंगठ्याला घट्टा पडला. पण टाका घालताना तिला गेट दिसायचं नाही. मुलीचा फोन आला, की ती आत्याच्या, म्हणजे सासूच्या, औषधाचं सांगायच्या आधी टाक्यांचं सांगायची. तिसऱ्या महिन्यात मुबारकबीनं तिनं शिवलेलं चष्म्याचं घर हातात घेतलं, टाक्यांवरून नख फिरवलं आणि म्हणाली, "हे माझं म्हनून खपंल."

दिवाळीला पुण्याहून धाकटा दीर आला, अमृत. चांगला माणूस. येताना आईला साडी, वहिनीला मिक्सर आणला. त्याच्या देखत राहीबाई दोनदा गेटला धडकली आणि गज धरून हलवत राहिली. संध्याकाळी तो पत्र्याखाली येऊन बसला. सत्यशीलाचं काम त्यानं उलटसुलट करून पाहिलं.

"वैनी, हात लई बसलाय तुमचा." मग म्हणाला, "आईसाठी एक पट्टा का बनवत न्हाई? मनगटाला. मऊ, लागनार न्हाई असा. दवाखान्यात पन बांधत्यात. तेवढंच तुमाला घटकाभर बाहेर जाता येईल."

"भावजी, आत्या काय जनावर हाय का?"

"तसं न्हाई म्हनलं मी. तुमचेच हाल बघवत न्हाईत."

तो दुसऱ्या दिवशी पुण्याला गेला. बोलणं मात्र राहिलं.

नोव्हेंबरात गाळप सुरू झालं आणि बन्सीच्या पाळ्या बदलल्या. शनिवार गेला. एक, दोन, पाच शनिवार गेले. घरातलं कातडं संपलं. राहीबाई दिवसातून तीस-चाळीस वेळा विचारायची, "बाई, मला घरी कवा सोडनार?" सत्यशीला पहिल्यांदा समजावून सांगायची, मग नुसतं "उद्या" म्हणायची, मग काहीच म्हणायची नाही. एकदा तिनं आत्याचा हात झिडकारला आणि म्हातारी भिंतीवर आदळली. लागलं नाही. तरी सत्यशीला न्हाणीत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

त्याच आठवड्यात तिनं पट्टा करायला घेतला.

तिला नंतर सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटलं असेल, तर तो पट्टा करताना ती रमली याचं. पहिलं वाकडं पाकीट उसवून तिनं पट्टा कापला आणि बन्सीच्या जुन्या पाकिटाचं मऊ बकऱ्याचं कातडं आतून अस्तराला लावलं. कडा रापीनं, कातडं कापायच्या सुरीनं, तासून, मेण चोळून गुळगुळीत केल्या. मनगटाचं माप आत्या झोपेत असताना घेतलं. बन्सीच्या बॅगेचं बकल लावलं, आणि त्याला बैलाच्या कासऱ्याचा चार हात लांब तुकडा जोडला. टाके इतके सारखे पडले, की तिचे तिलाच खरे वाटेनात. आजवरचं ते तिचं सर्वांत चांगलं काम होतं.

शनिवारी दुपारी तिनं राहीबाईला पोटभर जेवू घातलं, खाटेवर बसवलं, मनगटाला पट्टा बांधला आणि दुसरं टोक खाटेच्या पायाला. राहीबाईनं विरोध केला नाही. पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "चांगलाय."

सत्यशीला बाहेर पडली. रस्त्यावर ऊस भरलेले ट्रॅक्टर एकामागं एक लागले होते. ती भराभर चालली. मुबारकबीनं चहा मागवला. नव्या कातड्याचा ढीग आला होता, तो दोघींनी मिळून निवडला. ओळखीच्या दोन बाया भेटल्या, त्यांच्याशी ती हसून बोलली. तासाभरात परतायचं ठरवलं होतं, पावणेदोन तास झाले.

दार उघडलं तर राहीबाई खाटेवर नव्हती. खाटेच्या पायाशी, फरशीवर, हात जमिनीला टेकवून वाकून बसली होती. ती खाटेच्या पायाभोवती फिरत राहिली होती. एकाच बाजूनं. बांधलेलं वासरू खुंट्याभोवती फिरतं आणि त्याचं दावं आखूड होत जातं, तसा कासरा आखूड होत गेला होता. चार हातांतला वीतभरसुद्धा उरला नव्हता. मनगट सुजलं होतं. लुगडं ओलं झालं होतं.

"मालकीन," राहीबाई हळू आवाजात म्हणाली, "मला सोडा. धारंचा टाईम झालाय. लेकरं रडत असतील."

सत्यशीलाला बकल निघेना. सुजेवर ते रुतलं होतं. तिनं पत्र्याखालून रापी आणली, पट्ट्याखाली बोट घालून कातडं कापलं. तिचं स्वतःचं बोटही कापलं, ते तिला नंतर कळलं. तिनं म्हातारीला उचलून न्हाणीत नेलं, कोमट पाण्यानं आंघोळ घातली, मनगटाला हळद लावली.

रात्री बन्सी पाळीवरून आला. तिनं त्याला आईचं मनगट दाखवलं आणि सगळं सांगितलं, काही न लपवता. बन्सी खालच्या मानेनं ऐकत होता.

"मंग काय करायचं म्हनतीस?" तो म्हणाला.

"ते मी एकलीनंच सांगायचं का?"

त्यानं सुपरवायझरला विचारलं. हंगामात शनिवार मिळणार नाही, असं उत्तर आलं. तिनं अमृतला फोन केला, महिन्यातला एक शनिवार मागितला. तो एकदा आला. पुढच्या महिन्यात मुलाची परीक्षा होती. सत्यशीलानं आरीला दोन महिने हात लावला नाही.

पण पट्ट्याची गोष्ट गावात कशी कोण जाणे पसरली होती. फेब्रुवारीत एक दिवस शेवंता गेटपाशी आली. पलीकडच्या वस्तीवरची, नवऱ्यानं टाकलेली. घरी आईला सांभाळते. आईचंही राहीबाईसारखंच झालेलं, फक्त ती विहिरीकडं जाते.

"तुमी तसला मऊ पट्टा करता म्हनं," शेवंता गजांतून म्हणाली. "मला एक द्या करून. मला खुरपायला जावं लागतं."

"मी करत न्हाई तसला."

"आत्याला तर केला हुता."

"केला हुता. फेकून दिला."

शेवंताच्या चेहऱ्यावर राग आला. "तुमाला बसून खाया मिळतंय, ताई. मी दोरीनं बांधते आईला. सुती दोरी हाय, तरी काचती. मऊ मिळंल म्हनून आले."

ती वळली. सत्यशीला तिच्याकडं पाहत राहिली. शेवंता रस्त्याच्या पलीकडं पोचली, तेव्हा तिनं हाक मारली.

"दोरी सोड आनि आईला हितं आनून बसव. मी हायेच घरात. मला जायचं आसंल तवा तू बस."

पुढच्या शनिवारपासून शेवंताची आई येते. दोघी म्हाताऱ्या ओसरीवर बसतात. कधी एकमेकींना जाऊ समजून बोलतात, कधी भांडतात. एकदा शेवंताच्या आईनं राहीबाईच्या तोंडावर तांब्या फेकला. खुरपणी असली की आठवडाभर दोघींचं हागणं-मुतणं सत्यशीलाच काढते, आणि शेवंताचा शनिवार कधी चुकतो, तेव्हा तिला बोलताही येत नाही. चुकत नाही तेव्हा ती मुबारकबीकडं जाते.

हल्ली ती पुन्हा शिवते. पाकिटं, चष्म्याची घरं, एक खांद्याची पिशवी. बकल लागतं असं काही ती अजून करत नाही. मुबारकबीनं एकदा बैलांच्या पट्ट्यांचं काम देऊ केलं, भरपूर काम होतं, पण तिनं नको म्हटलं. मुबारकबीनं पोत्यावर जागा केली आणि दोघी शिवत बसल्या.