नोवोकुझ्नेत्स्कला मागणी घालायला

सडक अर्जुनीहून निघताना शेजारच्या शांताबाईने अडवलंच. "काऊन जाऊन राहिली वो बाई येवढ्या दूर? पोरीच्या मायलेच बोलाव ना इकडं."

"पोरगी मागाले आपणच जावं लागते," मी म्हटलं.

माझा निखिल सायबेरियात डॉक्टर झाला. आता गोंदियात दवाखाना टाकायला परतणार होता, तिथल्याच लेनाशी लग्न करून, तिला सोबत घेऊन. लेनाची आई गालिना मात्र एकुलती पोर इतक्या लांब द्यायला तयार नव्हती. तिचं मन वळवायला मी निघाले होते.

लेनाचं गाव, नोवोकुझ्नेत्स्क, पहिल्यांदा दिसलं ते धुरातूनच. पोलाद कारखान्याच्या चिमण्या, एकसारख्या इमारती, खिडक्यांच्या कडांवर कोळशाची काळी पूड. कसलं हे गाव, असं वाटलं. मग ट्राम वळली आणि चिमण्यांमागे निळे डोंगर उभे राहिले. आमच्या दरेकशाचे डोंगर लांबून असेच दिसतात. जीव थाऱ्यावर आला.

गालिनाने जन्मभर कारखान्यात क्रेन चालवली. धिप्पाड बाई, बोलणं मोजकं. तिने कोल्बा (डोंगरातली रानलसूण) घालून उकडलेले बटाटे वाढले. मी निखिलच्या तोंडून लग्नाचा विषय काढला की ताटात आणखी एक बटाटा पडे. शेवटी निखिलकडून तिचा निरोप मिळाला, "शनिवारी बटाटे लावायचे आहेत. या."

मागायला गेले पोरगी आणि हाती आली मजुरी. पण शेत म्हटलं की मी मागे हटत नाही.

गावाबाहेर तोम नदीकाठी तिचं शेत होतं. गालिना फावड्याने खड्डे करत पुढे गेली, मी बटाटे टाकायला लागले. पदर खोचला, कमरेत वाकले आणि सवयीने उलटी चालू लागले. रोवणीत (भातलावणीत) आम्ही उलट्याच चालतो. इथे मागे खड्डे होते. टाच खड्ड्यात गेली आणि मी बादलीसकट मातीत बसले.

गालिनाने फावडं टेकवून काहीतरी विचारलं.

"आई, ते इचारून राहिली, उलटी कायले चालतेस?" निखिल म्हणाला.

"चिखलात समोर चाललो तं आपलेच पऱ्हे (भाताची रोपं) तुडवले जातेत, सांग तिले."

गालिनाने ऐकलं. मग ती पोट धरून हसली. "क्रेन मागे न्यायची तर आम्ही आधी घंटी वाजवायचो," ती म्हणाली, "तुलाही एक हवी."

मग मात्र मी सरळ चालले, आणि काय चालले! गालिना दोनदा बादली पालथी घालून दम खायला बसली; मी कंबर वर केली नाही. शेजारच्या शेतातले लोक काम सोडून बघत होते. शेत संपलं तेव्हा मला स्वतःचा भारी अभिमान वाटला.

गालिनाने माझे मातीचे हात हातात घेतले आणि डोंगरांकडे बघत बोलली. निखिलने सांगितलं, "म्हणते, पोरगी देतो. पण ते ज्या घरात जाईन त्या घरचं शेत मले आधी दाखवा."

पोर दूर पाठवताना काय होतं ते मला ठाऊक होतं. मी तिला मिठी मारली.

घरी पोचले तर शांताबाई दारातच. "देल्ली का पोरगी?"

"देल्ली. रोवणीले तिची माय येऊन राहिली."

गोठ्यातली बैलाची घंटी काढून, चिंच लावून लखलखीत घासून ठेवली आहे. आमच्या बांधीत (भातशेतात) गालिनाला उलटं चालायचं आहे.